आठवड्याच्या बातम्यांची प्रश्नमंजूषा: उत्तरे का आटतात आणि ती परत कशी आणावीत

आपण कोल्हापूर जिल्ह्यातील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर स्वयंसेवक म्हणून काम करता आणि सहा महिन्यांपूर्वी आपण दर शनिवारी संध्याकाळी अर्ध्या तासाची, आठवड्यातील बातम्यांवर आधारलेली प्रश्नमंजूषा सुरू केली. दहा प्रश्न, व्हॉट्सॲपवर उत्तरे आणि तीन बक्षिसे असे तिचे स्वरूप आहे. पहिल्या महिन्यात आठवड्याला दीडशेच्या आसपास उत्तरे येत होती, ती आता विसावर आली असून त्यातही स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी तीच चार मुले जिंकतात. प्रश्न सोपे करावेत की बक्षिसे मोठी करावीत, असे आपण विचारले आहे. सामुदायिक रेडिओला बातम्यांवर कार्यक्रम करताच येतो का, ही आपल्या केंद्रप्रमुखांची शंकाही आपण जोडली आहे.

माझ्या मते या दोन्ही उपायांनी फरक पडणार नाही. आपण नमुन्यादाखल दिलेले दहाही प्रश्न मी वाचले. अमुक पदावर कोणाची नियुक्ती झाली, अमुक परिषद कोणत्या शहरात भरली, अमुक पुरस्काराचे मानकरी कोण, असेच ते सगळे आहेत. ज्याने आठवडाभर वर्तमानपत्र वाचून टिपणे काढली त्यालाच ही उत्तरे येतील, आणि गोठ्यात धार काढताना रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला तिसऱ्या प्रश्नापर्यंत कळून चुकेल की हा कार्यक्रम आपल्यासाठी नाही. अडचण प्रश्न कठीण असण्याची नाही. रेडिओ लावण्यापूर्वी श्रोत्याला काय माहीत होते एवढेच आपण तपासतो आणि रेडिओ ऐकत असताना त्याने जे लक्ष दिले त्याला आपल्याकडे काहीच गुण नाहीत, ही खरी अडचण आहे. बक्षीस मोठे केले तर त्या चार मुलांची संख्या आठ होईल, एवढेच.

आकाशवाणीच्या एका स्थानिक केंद्रावर मी सात वर्षे नैमित्तिक निवेदक होतो आणि त्यानंतर अकरा वर्षे पंचगंगेच्या काठच्या एका सामुदायिक केंद्रावर हीच प्रश्नमंजूषा चालवली. पुढे जे लिहितो ते त्या अनुभवातून आहे. आपले प्रसारण थेट असते की आधी ध्वनिमुद्रित केलेले, दूरध्वनी घ्यायला दुसरा माणूस आहे की नाही, आणि केंद्राच्या टप्प्यातील गावे शेतीची आहेत की औद्योगिक वसाहतीलगतची, यावर यातील बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत, हे सुरुवातीलाच सांगतो.

आधी केंद्रप्रमुखांची शंका, कारण ती रास्त आहे. सरकारच्या सामुदायिक रेडिओ धोरणानुसार केंद्राला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी, काटछाट न करता पुनःप्रसारित करण्याची मुभा नंतर मिळाली. त्याखेरीज काही विषय बातम्या मानले जात नाहीत: स्थानिक कार्यक्रम आणि सण-उत्सव, थेट वर्णन वगळता क्रीडास्पर्धा, वाहतूक आणि हवामान, परीक्षा, निकाल आणि प्रवेश, रोजगाराच्या संधी, तसेच स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, आपत्ती आणि आरोग्यविषयक सूचना. आम्ही आमचे प्रश्न या दोन कुंपणांच्या आतच ठेवले. जो प्रश्न पुनःप्रसारित बातमीपत्रातील विधानावर किंवा या यादीतील विषयावर बोट ठेवून दाखवता येत नाही तो आम्ही घेत नसू. राजकीय पक्ष, नेत्यांची वक्तव्ये आणि निवडणुका पूर्णपणे वगळल्या. आपल्या केंद्राचा केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाशी झालेला परवानगी करार केंद्रप्रमुखांनी एकदा समोर ठेवून वाचावा आणि प्रश्नांची वही दर आठवड्याला त्याच्याशी ताडून पाहावी. प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याची अटही त्यात आहे, आणि उत्तरावरून वाद झाला तर तेच ध्वनिमुद्रण उपयोगी पडते.

सुरुवातीला मला ही कुंपणे जाचक वाटत. पुढे मात्र ध्यानात आले की त्यांच्यामुळे आमची प्रश्नमंजूषा आपोआप श्रोत्याच्या दारापर्यंत आली, कारण मुभा असलेल्या यादीत नेमके तेच विषय आहेत ज्यांच्यावर आपल्या टप्प्यातील माणसांचा दिवस ठरतो.

आता प्रश्न कसा रचावा ते पाहू. माझा नियम असा की लक्ष देऊन ऐकणाऱ्याला प्रश्नातच निम्मे उत्तर सापडले पाहिजे. पावसाळ्यातले एक उदाहरण घ्या. "राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले?" हा आठवणीचा प्रश्न झाला. आम्ही तो असा विचारत असू: "राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. आज सकाळच्या सूचनेप्रमाणे तीन दरवाजे उघडे आहेत. तर त्या तीन दरवाजांतून मिळून किती क्युसेक पाणी येत आहे?" उत्तर ४२८४. ज्याने वर्तमानपत्र पाहिलेले नाही, पण कान देऊन ऐकले आणि मनात किंवा कागदावर तीनने गुणले, त्याचे उत्तर बरोबर येते. चौथीतली मुलगी आजीला हे उत्तर काढून देते आणि निरोप आजीच्या नावाने येतो.

पण प्रश्नापेक्षा उत्तरानंतरचे मिनिट अधिक मोलाचे असते, आणि आपल्या कार्यक्रमात ते मिनिटच नाही. "बरोबर उत्तर अमुक, आता पुढचा प्रश्न" असे म्हणून निवेदक पुढे जातो. वरच्या प्रश्नानंतर आम्ही क्युसेक म्हणजे काय ते सांगत असू. दर सेकंदाला एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, साधारण दोन मोठे हंडे पाणी. त्या हिशेबाने एका दरवाजातून दर सेकंदाला चाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला रिकामे होतात. हे पहिल्यांदा सांगितले त्या संध्याकाळी आमचा दूरध्वनी बराच वेळ वाजत राहिला. बातम्यांत वर्षानुवर्षे ऐकलेला शब्द लोकांना पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसला होता.

त्याच पावसाळ्यात दुसरा प्रश्न होता: पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आज पाणी ४१ फूट ६ इंचांवर आहे, तर धोका पातळीला किती इंच उरले? उत्तर १८ इंच. एका नदीकाठच्या गावातून एक बाई बोलल्या. त्यांचे उत्तर बरोबर होते, पण त्यांनी उलट विचारले, "भाऊ, बंधाऱ्यावर ४३ झालं की आमच्या गल्लीत किती होतं, ते कोण सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. बंधाऱ्यावरचा आकडा बंधाऱ्यापुरता असतो, आणि आपली वाट कधी बंद होते हे ज्याचे त्याने पाहून ठेवावे लागते. पुढच्या आठवड्याचा प्रश्न आम्ही त्यांच्याच बोलण्यातून काढला: बंधाऱ्यावर किती फूट झाले की तुमच्या गावचा कोणता रस्ता पाण्याखाली जातो? याचे एक बरोबर उत्तर असू शकत नव्हते. गावागावांतून आलेली उत्तरे आम्ही वहीत उतरवली, ग्रामपंचायतीकडून पडताळून घेतली आणि पुढील पावसाळ्यात पातळी सांगताना त्या रस्त्यांची नावेही सांगू लागलो. एका प्रश्नमंजूषेने याहून मोठे काम केलेले मी पाहिलेले नाही.

देशाच्या किंवा राज्याच्या बातम्याही याच रीतीने घेता येतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ती तारीख विचारण्याऐवजी असे विचारता येते: याआधी तमिळ, संस्कृत, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि ओडिया या भाषांना हा दर्जा होता, मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांनाही तो मिळाला, तर आता देशात अभिजात भाषा किती? अकरा. श्रोता बोटे मोजत ऐकतो, आणि त्या ओघात त्याच्या कानावर अकरा भाषांची नावे पडतात.

प्रश्नांची संख्या मात्र दहावरून पाचावर आणावी. अर्ध्या तासात दहा प्रश्न म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटे, आणि त्यातून संगीत, नावे व जाहिराती वजा केल्या की समजावून सांगायला काही उरत नाही. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचावा, दुसऱ्यांदा थोड्या वेगळ्या शब्दांत, आणि मग दहा सेकंद शांतता किंवा मंद सूर ठेवावा. आकडा असेल तर तो फोडूनही सांगावा: "एकोणसत्तर, म्हणजे सहा आणि नऊ." आपल्या भाषेतील एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदुसष्ट आणि अडुसष्ट हे आकडे गाडीच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. पाचांपैकी एक प्रश्न निव्वळ आवाजाचा असू द्यावा. आम्ही गुळाच्या सौद्याचा पुकारा ऐकवून तो कोणत्या मालाचा ते विचारले होते, आणि ज्यांनी कधीच उत्तर पाठवले नव्हते असे हमाल आणि अडते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

आता उत्तरे तपासण्याविषयी, कारण श्रोते तुटण्याचे दुसरे मोठे कारण तिथेच असते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांशी निगडित बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि एक तामिळनाडूत आहे. आम्ही विचारले: छत्रपती राजाराम महाराजांनी ज्या दूरच्या किल्ल्यावरून कारभार चालवला तो हा बारावा किल्ला कोणता? उत्तर जिंजी. एका वयस्कर श्रोत्यांनी "चंदी" असे सांगितले आणि निरोप घेणाऱ्या आमच्या मुलाने त्यापुढे चुकीची खूण केली. त्यांनी पुन्हा उत्तर पाठवले नाही की तक्रारही केली नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत जिंजीला चंदीच म्हटलेले आहे, म्हणजे त्यांचे उत्तर आमच्या उत्तराहून अधिक मराठी होते. चूक कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि पुढच्या शनिवारी चंदी या नावाची हकिगत त्यांच्याच आवाजात प्रसारित केली. तेव्हापासून प्रश्न ठरवतानाच त्याची मान्य उत्तरेही वहीत लिहून ठेवण्याची शिस्त आम्ही लावून घेतली. जिल्ह्यांच्या बदललेल्या नावांनाही हेच लागू आहे. कोणी उस्मानाबाद म्हणाले तरी उत्तर बरोबर धरावे आणि निवेदकाने धाराशिव हे नाव उच्चारून पुढे जावे.

ध्वनिमुद्रित कार्यक्रमाला आणखी एक धोका असतो. २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही कांद्याच्या निर्यात शुल्काचा प्रश्न गुरुवारी ध्वनिमुद्रित केला. शुल्क सप्टेंबर २०२४ पासून २० टक्के होते, तेच आमचे उत्तर. कार्यक्रम शनिवारी, २२ मार्चला प्रसारित झाला आणि त्याच दिवशी १ एप्रिलपासून हे शुल्क रद्द होणार असल्याची घोषणा झाली. मंगळवारपर्यंत आलेल्या उत्तरांत निम्म्यांनी २० टक्के आणि निम्म्यांनी शून्य असे लिहिले होते, आणि दोघांकडेही कारण होते. आम्ही दोन्ही उत्तरे मान्य केली आणि तेव्हापासून बदलू शकणाऱ्या प्रत्येक प्रश्नात तारीख घालू लागलो: "आज, २० मार्च रोजी, शुल्क किती आहे?" बाजारभाव, पाणीपातळी, अर्जाची मुदत आणि शुल्क या चार विषयांत तारखेशिवाय प्रश्न विचारूच नये.

गुन्ह्यांच्या बातम्यांवर प्रश्न घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात नाव न घेताही गावाच्या किंवा वयाच्या उल्लेखावरून ओळख उघड होते. कोणाचा मृत्यू किंवा अपघात हाही बक्षिसाचा विषय होऊ शकत नाही.

आता त्या चार मुलांविषयी. त्यांना बाहेर काढू नये, ती आपले सर्वांत निष्ठावान श्रोते आहेत. आम्ही असा नियम केला होता की एकदा जिंकलेल्याने पुढील चार आठवडे बक्षिसासाठी पात्र राहू नये, मात्र त्याचे उत्तर बरोबर असल्यास नाव वाचले जाईल. आमच्याकडच्या अशाच सतत जिंकणाऱ्या मुलांना मी प्रश्न काढण्याच्या बैठकीला बोलावले. ज्याला प्रश्न रचावा लागतो तो बातमी अधिक खोलात वाचतो, हे त्या मुलांनीच मला सांगितले. आता त्यांच्यापैकी दोघे स्वतः कार्यक्रम करतात.

बायकांची उत्तरे का थांबली हे आपण लिहिलेले नाही, पण आपल्या विसांच्या यादीत बायकांची नावे फारशी नसावीत असा माझा अंदाज आहे. शनिवारी संध्याकाळी सात वाजता चूल पेटलेली असते आणि घरातला स्मार्टफोन बहुधा दुसऱ्या कोणाच्या हातात असतो. रविवारी दुपारी कार्यक्रमाचे पुनःप्रसारण ठेवून उत्तरांची मुदत मंगळवार संध्याकाळपर्यंत न्यावी. पहिला येणारा जिंकतो ही पद्धत बंद करून सर्व बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढावी. व्हॉट्सॲपखेरीज मिस्ड कॉलची सोय ठेवावी आणि आपण परत दूरध्वनी करून उत्तर लिहून घ्यावे. यात श्रम आहेत आणि माणूसबळ नसेल तर मिस्ड कॉलसाठी एकच दिवस ठरवावा. आमच्याकडे मात्र याच एका सोयीने नोंदवहीतील नावांचा चेहरामोहरा बदलला.

याहून पुढे जाऊन गटाचे उत्तर मान्य करावे. एखादा बचत गट, शाळेचा वर्ग किंवा पारावरची मंडळी एकत्र बसून एकच उत्तर पाठवू शकतात. ही कल्पना माझी नव्हे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीवरून सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या श्रोता मंडळांचा प्रयोग झाला होता. त्यात शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. रेडिओ एकट्याने ऐकण्यापेक्षा मंडळींत ऐकला की बोलणे सुरू होते, हे आपल्या मुलखाला नवे नाही. आमच्याकडील एक बचत गट दर मंगळवारी हप्ता गोळा करताना आमच्या पाच प्रश्नांवर बोलत असे आणि त्यांच्या उत्तराखाली बारा जणींच्या सह्या असत.

बक्षिसाबाबत थोडक्यात लिहितो. प्रवेश नेहमी विनामूल्य ठेवावा आणि जास्त दराचे संदेश किंवा दूरध्वनी कधीही वापरू नयेत. बक्षीस स्पर्धांविषयी १९५५ चा केंद्रीय कायदा आहे आणि तो जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांपुरता आहे, कौशल्याच्या स्पर्धांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात स्पष्ट केले. आपला कार्यक्रम ज्ञानाचा आहे हे कोणालाही दिसेल असाच तो असावा, आणि प्रायोजक मोठे बक्षीस देऊ लागला तर आधी वकिलाला विचारावे. आम्ही भाजीपाल्याची बियाणी, आंब्याचे कलम, वह्या आणि महिन्यातून एकदा एक छोटा रेडिओ देत असू. लोकांना सर्वांत जास्त हवे असते ते आपले आणि आपल्या गावाचे नाव नीट उच्चारलेले ऐकणे. त्यासाठी निवेदकाने आडनावे आणि वाड्यावस्त्यांची नावे आधी विचारून घ्यावीत. विजेत्याचा दूरध्वनी क्रमांक मात्र कधीही प्रसारित करू नये, आणि मुलांच्या बाबतीत पालकांना विचारूनच नाव घ्यावे.

एकदम सगळे बदलू नये. येत्या शनिवारी प्रश्न पाचावर आणावेत, त्यांपैकी दोन राधानगरीच्या प्रश्नासारखे ऐकून सोडवता येणारे असावेत आणि प्रत्येक उत्तरानंतर एक मिनिट समजावून सांगण्यासाठी राखावे. त्यानंतरच्या शनिवारी मुदत आणि चिठ्ठी, आणि महिनाअखेर गटांची उत्तरे. उत्तरे मोजताना एकूण संख्येखेरीज नोंदवहीत दोन रकाने वाढवावेत: किती वेगवेगळ्या गावांतून उत्तरे आली आणि किती जणांनी पहिल्यांदाच उत्तर पाठवले. आमच्याकडे एकूण आकडा दोन महिने जवळजवळ हलला नव्हता, पण गावांचा रकाना चारवरून अकरावर गेला होता, आणि त्यावरूनच आम्ही कार्यक्रम चालू ठेवायचे ठरवले. आपल्या केंद्रावरील चार आठवड्यांचे हे दोन रकाने भरले की मला जरूर कळवावे. पुढे कोणते प्रश्न घ्यावेत हे मी त्यावरून अधिक नेमके सांगू शकेन.